निरीक्षणातून रेखाटन शिकायचंय, पुस्तक कोणतं घेऊ? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात किंवा नवी मुंबईत राहून, नोकरी-अभ्यास सांभाळत, क्लास न लावता किंवा क्लासच्या जोडीला पुस्तकावरून रेखाटन शिकू पाहणाऱ्यांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. रंगकाम, कार्टून, मांगा हे विषय इथे नाहीत.

निरीक्षणातून रेखाटन म्हणजे नेमकं काय? चित्र बघून चित्र काढणं वेगळं का धरायचं?

शाळेत आपण सगळ्यांनी एक चित्र काढलेलं असतं: दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी, कडेला झोपडी आणि नारळाचं झाड. यातली एकही गोष्ट बघून काढलेली नसते. ‘डोंगर’ या शब्दाची ती खूण असते. उपवन तलावाच्या काठी बसून येऊरच्या डोंगरांकडे पाहा. त्रिकोण कुठेच सापडणार नाही. लांबलचक, जवळजवळ आडवी कड दिसेल, तिच्यावर झाडांचे बारीक उंचवटे दिसतील, आणि हवा दमट असेल तर मागची रांग पुढच्या रांगेपेक्षा फिकट दिसेल. ते तसं कागदावर आणणं म्हणजे निरीक्षणातून रेखाटन.

चित्र बघून चित्र काढताना अवघड काम दुसऱ्या कुणीतरी आधीच केलेलं असतं. तीन मितींच्या वस्तूची सपाट कागदावर कोणती रेषा होते, हा निर्णय त्याने घेतलेला असतो. तुम्ही फक्त रेषेवरून रेषा काढता. ते निरुपयोगी नाही, पण तो वेगळा व्यायाम आहे.

दुकानात पुस्तक हातात घेतल्यावर ते आपल्या कामाचं आहे की नाही हे कसं ओळखू?

कुठलीही पाच पानं उघडा आणि एकच गोष्ट शोधा: हे पुस्तक मला पुस्तकावरून नजर उचलायला सांगतं का? ‘खुर्ची समोर ठेवा, दोन मीटरवर बसा, दहा मिनिटं लावा, कागदाकडे बघू नका’ अशी वाक्यं सापडली तर पुस्तक निरीक्षणाचं. ‘पायरी १ वर्तुळ, पायरी २ त्याच्यावर दुसरं वर्तुळ, पायरी ३ कान, पायरी ४ ससा’ असं असेल तर त्यातून तो ससा येईल, दुसरा प्राणी येणार नाही. मुखपृष्ठावर काय छापलंय त्याला काही अर्थ नाही. ‘संपूर्ण’ आणि ‘सोपे’ हे शब्द दोन्ही प्रकारच्या पुस्तकांवर असतात.

आणखी काही खुणा. चुकीचं चित्र दाखवून ते का चुकलं हे सांगितलं असेल तर लेखकाने खरोखर शिकवलेलं आहे. नमुना चित्रांत मोजमापाच्या, चाचपडणाऱ्या, खोडलेल्या रेषा दिसत असतील तर उत्तम, कारण नुसती चकचकीत पूर्ण झालेली चित्रं पाहून हात कसा चालला ते कळत नाही. प्रत्येक सरावाला वेळ आणि कागदाचा आकार दिलेला असावा.

एक साधी गोष्ट बरेच जण विसरतात: पुस्तक टेबलावर आपोआप उघडं राहतं का ते बघा. नुसत्या गोंदाने चिकटवलेली जाड पुस्तकं मिटत राहतात आणि एका हाताने पान धरून रेखाटन होत नाही. तसं पुस्तक घेतलंच तर दोन मोठ्या क्लिपा आणा.

मग नावं सांगा. सुरुवात कुठून करू?

सगळ्यांना एकच पुस्तक सांगता येत नाही. तुमची अडचण कोणती आहे त्यावर ते ठरतं.

‘मला सरळ रेषही काढता येत नाही’ म्हणणाऱ्यांना बेटी एडवर्ड्स यांचं ‘ड्रॉइंग ऑन द राइट साइड ऑफ द ब्रेन’ (१९७९) लागू पडतं. त्यात कडा, मोकळ्या जागा, परस्परसंबंध, छायाप्रकाश अशी एकेक गोष्ट सुटी करून शिकवली आहे. पिकासोने काढलेलं संगीतकार स्ट्रॅविन्स्कीचं रेखाचित्र उलटं ठेवून उतरवायचा त्यातला सराव प्रसिद्ध आहे. चित्र उलटं ठेवलं की ‘हा हात, हे नाक’ असं ओळखणं थांबतं आणि रेषा जशी आहे तशी दिसायला लागते. मोकळ्या जागांचा सराव मात्र त्याहून मोलाचा आहे. घरातली खुर्ची काढायची नाही, तिच्या पायांमधले आणि हातांखालचे पोकळ आकार तेवढे काढायचे. ते नीट जुळले की खुर्ची आपोआप उभी राहते.

मेंदूच्या डाव्या-उजव्या बाजूंची विभागणी पुस्तकात ज्या ठळकपणे मांडली आहे, तशी आजचं मेंदूविज्ञान मानत नाही. ती प्रकरणं चाळून पुढे जा. सराव त्या सिद्धांतावर अवलंबून नाहीत.

काढता येतं पण चित्र मेल्यासारखं, ताठर होतं, अशी तक्रार असेल तर किमॉन निकोलाइडीस यांचं ‘द नॅचरल वे टू ड्रॉ’ (१९४१). लेखकाच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेलं हे पुस्तक म्हणजे सरळ वेळापत्रक आहे: २५ टप्पे, प्रत्येक टप्पा १५ तासांचा, म्हणजे एकूण ३७५ तास. रोज तासभर दिला तरी वर्षाच्या वर जातं. पेन्सिलीचं टोक वस्तूच्या कडेला प्रत्यक्ष टेकलं आहे अशी कल्पना करून, कागदाकडे न बघता, मुंगीच्या गतीने काढायची बाह्यरेषा हा त्यातला एक खांब. दुसरा अगदी उलटा, मिनिटाभरात अंगविक्षेप, म्हणजे शरीराची एकूण हालचाल आणि झोक, पकडण्याचा. अडचण अशी की पुस्तक जिवंत मॉडेल समोर आहे असं गृहीत धरतं. त्यावर उपाय खाली दिला आहे. पहिलंच पुस्तक म्हणून मात्र हे नको. बहुतेक जण पहिल्या काही टप्प्यांतच थांबतात, आणि दोष स्वतःचा समजतात.

पैसे खर्च करायचे नसतील तर जॉन रस्किन यांचं ‘द एलिमेंट्स ऑफ ड्रॉइंग’ (१८५७) आणि हॅरॉल्ड स्पीड यांचं ‘द प्रॅक्टिस अँड सायन्स ऑफ ड्रॉइंग’ (१९१३) प्रोजेक्ट गुटेनबर्ग या संकेतस्थळावर मोफत आणि कायदेशीर मिळतात. रस्किन पत्रांच्या रूपात बोलतात आणि पहिल्याच धड्यात पेनाने एक चौकोन बारीक रेषांनी एकसारखा भरायला लावतात. कंटाळवाणं वाटतं, पण हाताचा दाब किती वरखाली होतो हे त्या चौकोनाइतकं स्वच्छ कशातच दिसत नाही. पुढे ते एक गोलसर दगड काढायला देतात. हे करून बघाच, दगड तर दारात पडलेला असतो. स्पीड यांचं पुस्तक रेषेने काढणं आणि पुंजक्यांनी (म्हणजे गडद-फिक्या छटांच्या ठोकळ आकारांनी) काढणं हा फरक फार छान उलगडतं, मात्र इंग्रजी जुनं आणि वाक्यं लांब आहेत.

शार्ल बार्ग यांच्या तक्त्यांबद्दल हल्ली खूप विचारणा होते. फ्रेंच चित्रकार जेरोम यांच्या सहकार्याने १८६६ ते १८७१ या काळात निघालेले हे शिळाछाप (लिथोग्राफ) नमुने आहेत, विद्यार्थ्यांनी बघून उतरवायचे, आणि व्हॅन गॉगनेही ते उतरवले होते. मोजमापाची शिस्त लावायला त्यांना तोड नाही. पण हे सपाट चित्रावरून सपाट चित्र आहे. सहा महिने फक्त तेच केलं तर समोरचा तांब्या काढताना पुन्हा पहिलीत बसावं लागतं. एक तक्ता, मग एक खरी वस्तू, असं आलटून पालटून करा.

इंग्रजी जड जातं. मराठीत काय आहे?

पुण्याच्या ज्योत्स्ना प्रकाशनाने चित्रकलेवर भरपूर पुस्तकं काढली आहेत. आपल्याकडच्या चित्रकारांनी आपल्याकडचे वाडे, बाजार, माणसं बघून केलेली ती आहेत, आणि चित्रांचा भाग मोठा असल्याने भाषेचा अडसर कमी जाणवतो. यथार्थदर्शनासाठी, म्हणजे जवळचं-लांबचं जसं दिसतं तसं सपाट कागदावर आणण्यासाठी, मिलिंद मुळीक यांचं ‘पर्स्पेक्टिव्ह’ पाहावं. मात्र अशी पुस्तकं पाहणाऱ्याला स्फूर्ती देतात, रोजचा सराव ठरवून देतीलच असं नाही. म्हणून इंग्रजी पुस्तकातले पाच-सहा सराव कुणाकडून तरी समजावून घेऊन एका वहीत मराठीत उतरवा आणि मराठी पुस्तक शेजारी ठेवा.

विकत घेण्याआधी चाळायला मिळावं म्हणून ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय आहेच, १८९३ सालचं. कला विभागाबद्दल तिथे चौकशी करा. फोर्टात फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं घेत असाल तर चित्रांची पानं मोजून घ्या. कापून फ्रेम केलेली पानं गायब असतात, आणि नेमकी तीच कामाची असतात.

मुलगी एलिमेंटरी, इंटरमिजिएटला बसतेय. त्या परीक्षांची मार्गदर्शकं चालतील का?

परीक्षेसाठी चालतील, निरीक्षणासाठी नाही. वस्तुचित्र, म्हणजे समोर मांडलेल्या वस्तू बघून काढणं, हा त्या परीक्षेतला खरा निरीक्षणाचा पेपर आहे. पण बाजारातली बरीच मार्गदर्शकं तोच पेपर पाठ करायला लावतात: बादली अशी, तिच्या डावीकडे सावली अशी, मागे पडदा असा. परीक्षेच्या दिवशी खिडकी दुसऱ्या बाजूला आली की पाठ केलेली सावली उजेडाच्या दिशेला पडते! घरी आठवड्यातून दोनदा पातेलं, भाजी, वही अशा तीन वस्तू मांडा आणि प्रत्येक वेळी मुलीची बसायची जागा बदला. मार्गदर्शकाचा उपयोग वेळेचं नियोजन आणि कागदाची मांडणी समजण्यापुरता ठेवा.

पुस्तकात सांगितल्याप्रमाणे पेन्सिलीने माप घेतो, तरी प्रमाण चुकतं. का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. कारणं बहुधा पुढच्यापैकीच असतात.

कोपर वाकतं. पेन्सिल डोळ्यापासून ६० सेंटिमीटरवर धरून उंची मोजली आणि रुंदी मोजताना हात नकळत ५५ वर आला, तर माप सुमारे ८ टक्क्यांनी बदलतं. २४ सेंटिमीटरच्या चित्रात ही चूक २ सेंटिमीटरची होते. कोपर पूर्ण ताठ, एक डोळा बंद, आणि प्रत्येक वेळी तोच डोळा.

पेन्सिल तिरकी होते. वस्तूच्या दिशेने पेन्सिल पुढे झुकवायची नाही. समोर खिडकीची काच आहे आणि पेन्सिल तिला चिकटलेली आहे असं समजा. पोळपाटाची पुढची-मागची कड मोजताना हमखास पेन्सिल पोळपाटासारखीच आडवी पडते, आणि पोळपाट ताटाएवढा गोल होतो.

माप कागदावर जसंच्या तसं उतरवलं जातं. पेन्सिलीवर दिसलेले ७ सेंटिमीटर म्हणजे कागदावर ७ सेंटिमीटर नव्हेत. मोजायचं ते गुणोत्तर: तांब्याची रुंदी त्याच्या उंचीत किती वेळा बसते? सव्वा वेळा? मग तुमच्या कागदावर उंची कितीही असो, रुंदी सव्वा वेळाच बसली पाहिजे.

कागद टेबलावर आडवा असतो. आडव्या कागदाचा वरचा भाग डोळ्यांना आखूड दिसतो, म्हणून हात तो ताणून काढतो. कागद उभा धरला की चित्राचं डोकं लांब झालेलं दिसतं. बोर्ड मांडीवर ठेवून टेबलाच्या कडेला टेकवा, म्हणजे नजर कागदावर साधारण काटकोनात पडेल.

फार जवळ बसणं. वस्तूंची मांडणी जेवढी रुंद किंवा उंच आहे, त्यातल्या मोठ्या मापाच्या निदान तिप्पट अंतरावर बसा. वन-बीएचकेमध्ये जागा नसेल तर मांडणी छोटी करा: एक कांदा, एक वाटी. ४० सेंटिमीटरची मांडणी करून अर्ध्या मीटरवर बसलात तर मान हलवली की सगळं बदलतं.

पहिल्या खुणा चारच: सर्वांत वरचा, खालचा, डावा, उजवा बिंदू. त्या चौकटीचं प्रमाण तपासल्याशिवाय आत एकही रेष नको. काठावरची नक्षी आधी काढून मग तांब्या कागदाबाहेर जाणं हा याचाच परिणाम.

भांड्यांची तोंडं बदामासारखी टोकदार होतात.

गोल तोंड तिरकं बघितलं की लंबवर्तुळ दिसतं, आणि लंबवर्तुळाला कोपरे नसतात. दोन्ही टोकांशी रेष वळते, मोडत नाही. खांद्यातून हात फिरवून हवेत दोन-तीन फेऱ्या मारा आणि मग पेन्सिल टेकवा.

दुसरी चूक पुस्तकं एका ओळीत उरकतात. उभा डबा नजरेच्या पातळीखाली असेल तर त्याचं बूड तोंडापेक्षा जास्त उघडं, जास्त गोलसर दिसतं, कारण ते नजरेच्या पातळीपासून जास्त दूर आहे. बहुतेक जण बूड सरळ रेषेने काढतात, कारण डबा ओट्यावर ‘सपाट बसलेला’ आहे हे माहीत असतं. स्टीलचे चार डबे एकावर एक रचा, वरच्याचं तोंड डोळ्यांच्या पातळीला येऊ द्या, आणि प्रत्येक कडेचा उघडेपणा खालपर्यंत कसा वाढत जातो ते काढा.

छायाप्रकाशासाठी मात्र सुरुवातीला स्टील नको. त्यात अख्खं स्वयंपाकघर दिसतं. नारळ, आलं, बटाटा, मातीची पणती घ्या. छताची ट्यूबलाइट बंद करा आणि एका बाजूने एकच उजेड ठेवा, खिडकीचा किंवा टेबललॅम्पचा. दोन दिवे म्हणजे दोन सावल्या.

यथार्थदर्शनाचं प्रकरण डोक्यावरून जातं.

घरात बसून वाचलं तर जाणारच. ते प्रकरण ठाणे स्टेशनात वाचा. फलाटावर उभे राहा: तुमच्याएवढ्या उंचीच्या सगळ्या उभ्या माणसांची डोकी, जवळची असोत की लांबची, एकाच आडव्या रेषेवर येतात. ती तुमच्या नजरेची रेषा. आता बाकावर बसा. रेषा खाली येते आणि उभ्या माणसांच्या छातीपाशी जाते. आता पादचारी पुलावर चढा. रेषा तुमच्याबरोबर वर येते, फलाटावरची सगळी माणसं तिच्या खाली जातात, आणि रूळ त्या वरच्या रेषेकडे चढत जाऊन मिळताना दिसतात. या तीन जागांवरून प्रत्येकी पाच मिनिटांचं रेखाटन केलं की पुस्तकातल्या आकृत्या कळायला लागतात. गर्दीची वेळ टाळा, हे ठाणेकरांना सांगायला नको.

नवी मुंबईकरांना बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज जवळ आहे. चार्ल्स कोरिया यांनी आखलेली ही बैठी वसाहत उतरत्या छपरांच्या सरावाला चांगली. उंच सोसायट्यांच्या टॉवरपासून सुरुवात करू नका. खिडक्या मोजण्यातच जीव जातो.

फोटोवरून काढलं तर?

पहिले सहा महिने टाळा. फोनचा मुख्य कॅमेरा रुंद कोनाचा असतो. हातभर अंतरावरून चेहऱ्याचा फोटो काढला की नाक मोठं आणि कान लहान येतात. शिवाय फोन सावल्या आपणहून उजळतो, त्यामुळे सावलीतले खरे गडद-फिके टप्पे नाहीसे होतात. अगदीच गरज पडली तर दोन-तीन मीटर मागे जाऊन झूम करून फोटो घ्या.

घरात मॉडेल कुठून आणू?

टीव्ही बघणारे बाबा, भाजी निवडणारी आजी, झोपलेला भाऊ. मालिकेच्या एका भागात वीस मिनिटं माणूस फारसा हलत नाही. बाहेर रेखाटायचं तर एकच हालचाल पुन्हा पुन्हा करणारी माणसं निवडा: जांभळी नाक्याच्या बाजारात भाजी तोलणारी बाई, वडे तळणारा. एकाच कागदावर त्यांच्या तीन मुद्रा सुरू करा. माणूस ज्या मुद्रेत परत येईल त्या चित्रात दोन रेषा घालायच्या, मग पुढचं. दहा मिनिटांत तिन्ही चित्रं उभी राहतात. टक लावून बघितलेलं कुणाला आवडत नाही. त्यांनी बघितलं तर हसून वही दाखवा. नको म्हणाले तर पान उलटा.

तलावपाळीला संध्याकाळी कठड्यावर बसलेल्या पाठमोऱ्या माणसांची रांग फुकट मिळते. नवख्यांसाठी पाठमोरी माणसं सगळ्यात सोयीची.

साहित्य किती लागेल?

थोडंच. एचबी, २बी, ४बी पेन्सिली, कटर, साधा खोडरबर आणि मळता येणारा रबर. शिसं एक ते दीड सेंटिमीटर उघडं ठेवा, म्हणजे पेन्सिल आडवी धरून छटा देता येते. मोजून काढायच्या चित्रांना १३० ते १५० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) ए३ कार्ट्रिज कागद, म्हणजे चित्रकलेचा जाडसर कागद, प्रवासाला ए५ वही. मिनिटाभराच्या चित्रांसाठी झेरॉक्सच्या कागदाचं ५०० पानांचं रीम आणा आणि रोज २० पानं संपवा. महागडी वही असली की हात घाबरतो. छटा पुसून गुळगुळीत करायची कागदी कांडी दोन महिने घेऊ नका. बोटही नको.

एका वेळी किती पुस्तकं?

एक. निदान आठ आठवडे. तीन पुस्तकांची पहिली तीन-तीन प्रकरणं केली तर तीच बाह्यरेषा तीनदा शिकाल आणि छायाप्रकाशापर्यंत कधीच पोचणार नाही. दर रविवारी तीच एक वस्तू, समजा तोच तांब्या, काढून मागे तारीख टाका. आठव्या रविवारी सगळे तांबे जमिनीवर मांडून बघा. तोंडाचं लंबवर्तुळ, रुंदी-उंचीचं प्रमाण, सावलीची दिशा या तिन्हींत काहीच फरक नसेल तर पुस्तक बदला. फरक असेल तर कंटाळा आला तरी तेच चालू ठेवा.

पावसाळ्यात कागद आणि पुस्तकं खराब होतात, काय करू?

जून ते सप्टेंबर कार्ट्रिज कागद दमट होऊन फुगतो, पेन्सिल घसरते आणि खोडताना कागदाचे तंतू निघतात. रोजची दहा-बारा पानं झिपच्या प्लास्टिक पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, बाकी गठ्ठा कपाटात. कपाट बाहेरच्या ओल्या भिंतीला टेकलेलं नको.

चित्रांची पुस्तकं बहुधा चकचकीत कागदावर छापलेली असतात. ती भिजून तशीच वाळली तर पानं एकमेकांना कायमची चिकटतात. म्हणून ओली असतानाच पानं हलक्या हाताने सुटी करा, मध्ये टिपकागद घाला आणि पुस्तक उभं, पंख्यासारखं उघडं ठेवून पंख्याखाली वाळवा. उन्हात किंवा इस्त्रीने नको, पानं वाकतात. बुरशी दिसली तर ओल्या फडक्याने पुसू नका, ती पसरते. पुस्तक पूर्ण कोरडं होऊ द्या, मग नाकाला मास्क लावून, गॅलरीत, मऊ ब्रशने बाहेरच्या दिशेला झटका. ते पुस्तक महिनाभर बाकीच्यांपासून लांब ठेवा.